भोंगा वाजला नाही

नूतन फुलझेलेचं काम गाळण्याचं होतं. कोणी विचारलं तर ती तसंच सांगत असे, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नसे. विद्यापीठातली माणसं दोन-तीन वर्षं रानोमाळ हिंडून शंभर पानांचा अहवाल लिहितात. परदेशातल्या ज्या विकाससंस्थेच्या हातात निर्णय असतो, तिथली माणसं दोन पानांपलीकडे जात नाहीत. आळशी असतात म्हणून नव्हे, तर टेबलावर तसेच आणखी चाळीस अहवाल पडलेले असतात म्हणून. या दोहोंच्या मध्ये, चंद्रपुरातल्या एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पाच टेबलांचं एक अभ्यासकेंद्र होतं. ते शंभर पानांची दोन पानं करत असे. त्या दोन पानांत काय राहील आणि काय जाईल, हे गेली सहा वर्षं नूतन ठरवत आली होती.

या खेपेचा अहवाल चौऱ्याण्णव पानांचा होता आणि वाघाविषयी होता. सावली तालुक्यातल्या आणि वैनगंगेपलीकडच्या मिळून अठरा गावांत रानातल्या वाटांवर कॅमेरे लावले होते. वाघ गावाच्या दिशेने येताना दिसला की कॅमेरा त्याला ओळखे आणि गावातल्या खांबावरचा भोंगा वाजे. भोंगे लागण्याआधीच्या दोन वर्षांत त्या गावांतली अकरा माणसं वाघाने मारली होती. लागल्यानंतरच्या दोन वर्षांत चार. नूतनने आपल्या दोन पानांच्या माथ्यावर लिहिलं होतं : 'मृत्यूंत चौसष्ट टक्के घट.' आकडा खरा होता. तिने तो तीनदा तपासला होता.

त्या आकड्याच्या भरवशावर आज दुपारी दीड वाजता युरोपातल्या एका शहरात एक समिती बसणार होती. तिने होकार दिला की आधी गडचिरोलीच्या बाजूची बावीस गावं, मग नेपाळच्या तराईतली, मग आफ्रिकेतल्या एका जिल्ह्यातली (तिथे वाघाच्या जागी सिंह) अशी मिळून चारशे गावं भोंग्याच्या छायेत येणार होती. सगळी कागदपत्रं पोचली होती. फक्त एक फोटो हवा होता : मोहफुलं वेचणारी बाई आणि मागे रान.

म्हणून चैत्रातल्या त्या पहाटे, उजाडायला अर्धा तास असताना, नूतन कवडटोल्यात भोंग्याच्या खांबाखाली उभी होती. खांबाची देखभाल करणारा श्रीहरी, वनखात्याने गावात नेमलेल्या बचाव तुकडीतला, हिरवं जाकीट घालून दात घासत होता.

"काल वाजला होता का, श्रीहरीभाऊ?"

"वाजला नं. सांजच्याला, एकदा. सात वाजाचे होते. लोकं समदे घरात घुसले. मंग चूप."

"मग वाघ गेला का परत?"

"वाजून नाई राह्यला म्हनजे गेला असन," श्रीहरी म्हणाला. सावलीची बस निघून गेल्याचं सांगावं तितक्या सहज म्हणाला आणि चूळ भरायला वळला.

बायनाबाई टोपली घेऊन आली. साठीची, काटक. वर्षाचे आठ महिने तिचं घर गावतळ्यातल्या मासोळीवर चाले आणि चैत्रात मोहावर. तिच्यामागून प्रेमिला आणि दामिनी आल्या. दोघी जावा, दोघी तिशीतल्या, दोघी एकाच वेळी बोलणाऱ्या. चौघी निघाल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावरून एक म्हातारी म्हणाली, "जा वो जा! तुमचा भोंगा आहे. रुखमा कायले पायजे आता?"

गाव मागे पडल्यावर नूतनने विचारलं, "मावशी, त्या असं का म्हणाल्या?"

"रुखमा का? तिची कंबर गेली, धा-बारा वर्सं झाले. वाकता येत नाई तिले. म्हनून ते उभी राहे."

"उभी म्हणजे?"

"उभी म्हनजे उभी. आमी वाकून वेचतो, आमचं ध्यान फुलाईत राहते. तं एक बाई मधात उभी राहे. डबा बडवे, होऽऽ करे, चारी बाजूनं पाहे. जिचं टोपलं भरलं ते तिले एक ओंजळ दे. धा बायांच्या धा ओंजळी. आमच्या सासवांच्या सासवांपासून हेच."

"आणि आता?"

"आता भोंगा उभा आहे नं! दोघादोघाले कोन पोसन?" बायनाबाई हसली, पण हसू फार टिकलं नाही.

नूतनच्या पायांचा वेग किंचित कमी झाला. पान सत्त्याऐंशी, परिशिष्ट. माहिती गोळा करणाऱ्या कोणीतरी वहीच्या कडेला लिहिलेली ओळ : 'तीन गावांत मोहाच्या दिवसांत उभी ठेवण्याची पद्धत बंद झालेली दिसते. आपल्या प्रश्नावलीत हा प्रश्न नाही.' त्या ओळीसमोर नूतनने पेन्सिलने लिहिलं होतं : 'किस्सा. पुरावा नाही.' आणि ओळ गाळली होती. अठरांपैकी तीन गावं, तीही न विचारता कानावर पडलेली; तिच्या जागी संख्याशास्त्राचा कोणीही विद्यार्थी तेच करता. तो निर्णय तिला अजूनही चुकीचा वाटत नव्हता. तो असा समोरून चालत येऊन ओट्यावरून बोलेल, हे मात्र तिने धरलं नव्हतं.

वीस मिनिटांच्या चालीनंतर मोहाची झाडं लागली. प्रत्येक घराची झाडं ठरलेली, बाया पांगल्या. दामिनी उजवीकडे साठ-सत्तर पावलांवर, प्रेमिला तिच्या पलीकडे. मधल्या जागेत तेंदूची झुडपं आणि रायमुनियाची दाट जाळी. उजेड राखाडी होता. झाडाखालची जमीन आदल्या दिवशी झाडून ठेवलेली, आणि तिच्यावर पिवळसर पांढऱ्या फुलांचा सडा. वरून फूल पडलं की बारीक 'टप्' होई. तेवढाच आवाज होता.

"वाकूनच राहा मावशी," नूतन म्हणाली. "माझ्याकडे पाहू नका. वेचत राहा." मग दोन्ही बाजूंना ओरडली, "तुम्हीपण वाकूनच राहा! मागे दिसताय तुम्ही!"

"माहाबी फोटो पाठवा वो मॅडम फॉरेनात!" दामिनी वाकूनच ओरडली. "एखांदा गोरा नवरा भेटन!"

"आहे तो सांभाळनं होत नाई तुह्याच्यानं!" प्रेमिलाचं उत्तर आलं.

उजेड पुरेना. नूतन थांबली. बायनाबाईने चटईएवढा तुकडा वेचून लख्ख केला होता. फोटोत तो चांगला दिसत होता, पण त्यात सारखी नवी फुलं पडत होती. सवयीने नूतनने घड्याळ लावलं. पाच मिनिटांत दहा. चटईएवढ्या जागेत मिनिटाला दोन. ही नोंद कोणाच्याही कामाची नव्हती, पण रिकाम्या वेळात मोजणं हा तिचा जुना रोग होता.

मग तिने फोन काढला. संशोधकांनी तिला भोंग्यांच्या नोंदी पाहण्याची परवानगी दिली होती. एका काडीच्या नेटवर्कवर पान उघडायला वेळ लागला. कवडटोला, काल : १८:४२, कॅमेरा दोन, आत. त्याखाली काहीच नाही.

तिने वर सरकवून परवाची नोंद पाहिली. आत. त्याच्या आधीची. आत. महिनाभराच्या नोंदी पाहिल्या. मग तिला एकसष्टावं पान आठवलं, आणि तिचा अंगठा पडद्यावर जागच्या जागी राहिला.

कॅमेरे रानाकडे तोंड करून होते. येणारा वाघ समोरून दिसे, जाणारा पाठमोरा. पाठमोऱ्या जनावराची यंत्राला खात्री पटत नसे, म्हणून ती नोंद यंत्र आपणहून टाकून देई. हे अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. नूतनने ते 'तांत्रिक तपशील' म्हणून काढलं होतं. अठरा गावांत दोन वर्षांत दोनशे तेरा वेळा वाघ आत आला होता, आणि नोंदीप्रमाणे एकदाही बाहेर गेला नव्हता.

म्हणजे भोंगा गप्प असणं, याचा अर्थ काहीच नव्हता. श्रीहरीला तो अर्थ कोणी शिकवला नव्हता. गावाने आपला आपण काढला होता.

आणि कॅमेरा दोन इथून पुढे, नाल्यापाशी होता. बाया त्याच्या आत, गावाच्या बाजूला होत्या. काल सहा बेचाळीसला जे आत आलं होतं, तेही.

एक हिशेब पुरा व्हावा तशी भीती आली, आणि आल्यावर हलेना. तिने मान वर केली. बायनाबाई तिथे नव्हती. ती पुढच्या झाडाखाली गेली होती. तीस पावलांवर, रायमुनियाला लागून.

"मावशी," नूतन हलक्या आवाजात म्हणाली आणि तिकटीसकट कॅमेरा उचलून तिच्याकडे निघाली. काय सांगायचं हे तिला ठरवता येत नव्हतं. वाघ आहे असं म्हणता येत नव्हतं. वाघ नाही असं म्हणता येत नाही, एवढंच म्हणता येत होतं. आणि असलं वाक्य पहाटे रानात कोणाला सांगायचं?

बायनाबाई वेचत नव्हती. टोपली कमरेला लावून जमिनीकडे पाहत होती.

"इथी फुलं काऊन नाईत?" ती स्वतःशीच पुटपुटली.

झाड भरून गळत होतं. खाली सगळीकडे फुलं होती, एक लांबट जागा सोडून. बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला, माणसाच्या उंचीएवढी लांब, चटईएवढी रुंद, आणि कडेने नीट कापल्यासारखी. नूतनच्या डोक्यात आधी हे आलं, की कोणी रात्रभर इथे चादर पसरली आणि आता उचलून नेली. मग तिला दबलेलं गवत दिसलं. रात्रभर फुलं ज्याच्या अंगावर पडत होती ते उठून गेलं होतं, अंगावरची फुलं झटकून. ती एका बाजूला ओळीने पडली होती.

मोकळ्या जागेत तीन फुलं होती.

मिनिटाला दोन. तीन फुलं. दीड मिनिट. चूक धरली तरी तीन मिनिटांच्या वर नाही. तीन मिनिटांपूर्वी ती फोनमध्ये पाहत होती.

बायनाबाई खाली बसू लागली, तळवा जमिनीला लावायला. आणि अर्ध्यातच थांबून ताठ झाली. नूतन पुढे वाकली होती. बायनाबाईने तिचा दंड धरून तिला वर ओढलं.

"वाकू नोको," ती म्हणाली. आवाज असा नव्हताच, नुसता श्वास होता. "वास येते का?"

येत होता. चिन्नोर तांदूळ शिजताना येतो तसा, गोडसर, गरम भाताचा. इथे चूल नव्हती, भात नव्हता. वाघाच्या मुताला असा वास का येतो, याचं रासायनिक कारण नूतनला माहीत होतं. त्या माहितीने काही हलकं झालं नाही.

डावीकडे ऐनाच्या झाडावर वानर खॉक् करून ओरडलं. काळं तोंड खाली वळवून ते रायमुनियाच्या जाळीत पाहत होतं. मग त्याचं तोंड हळूहळू उजवीकडे फिरलं. जाळीच्या आत काहीतरी चालत होतं आणि वानर त्याच्यावरून नजर काढत नव्हतं. उजवीकडे दामिनी होती. दामिनी वाकलेली होती.

बायनाबाईचे ओठ हलले, पण आवाज निघेना. नूतनने पाण्याची स्टीलची बाटली काढली आणि कॅमेऱ्याच्या तिकटीवर आपटायला सुरुवात केली.

"उभ्या राहा! दामिनी, उभी राहा! प्रेमिला!"

दामिनीने वाकल्या वाकल्या मान वळवली. तिचे दात दिसले.

"मघा म्हने वाका, आता म्हने उभ्या राहा! ठरवा वो मॅडम एकदाचं!"

"फोटो नाही! उभी राहा!"

"असाच काढा, असाच बरा येते!" आणि दामिनी आणखी खाली वाकली, पदर नीट करून, टोपली पुढे ओढून, फोटोत शोभेल अशी.

नूतनला त्या क्षणी आपला आवाज परका वाटला. सहा वर्षं ती ज्या नेमक्या शब्दांवर जगत आली होती त्यांतला एकही शब्द साठ पावलं ओलांडून जात नव्हता. तिने जे सांगितलं होतं तेच ती बाई इमानाने करत होती.

वानर पुन्हा ओरडलं. एकदा, दोनदा, मग न थांबता.

दामिनीचं हसू गेलं. ती उभी राहिली. सावकाश, पूर्ण, टोपली पोटाशी धरून. पलीकडे प्रेमिला उभी राहिली. आता बायनाबाईला आवाज फुटला, आणि तो एवढा मोठा होता की नूतन दचकली : "होऽऽऽ! होऽऽऽ!" बाटली वाजत राहिली. रायमुनियाची एक फांदी हलली. वारा नव्हता. नूतनने पाहिलं ते एवढंच, आणि पुढे ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना तिने एवढंच सांगितलं.

चौघी पाठीला पाठ लावून, एकमेकींचे पदर धरून निघाल्या. वीस मिनिटांची वाट पाऊण तास पुरली. कोणी पळालं नाही. प्रेमिला सारखी एकच गोष्ट म्हणत होती, "माहं टोपलं राह्यलं, माहं टोपलं राह्यलं," आणि दामिनी तिला सांगत होती, "राहू दे वो. तो थोडीच वेचते."

खांबाखाली श्रीहरी मोबाइल पाहत बसला होता.

"काऊन वापस आल्या?" त्याने विचारलं. "भोंगा तं वाजला नाई."

रुखमाबाईने ओट्यावरून चौघींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि या खेपेला टोमणा मारला नाही.

*

सुरेंद्र, केंद्राचा प्रमुख, दहा वाजता फोनवर भेटला. शांत माणूस. गेली वीस वर्षं असल्या समित्यांपुढे उभा राहत आलेला.

"तू ठीक आहेस ना? मग सांग. वाघ पाहिलास?"

"नाही."

"पाऊल? ठसा?"

"थांबून शोधलं नाही."

"म्हणजे तुझ्याकडे आहे काय? एक फुलं नसलेली जागा."

"हो. आणि सत्त्याऐंशीव्या पानावरची मी गाळलेली ओळ. मी आत्ता मृत्यूंचा तक्ता काढून पाहिला, सर. भोंग्यानंतरच्या चार मृत्यूंपैकी दोन त्या तीन गावांतले आहेत, जिथे उभी बंद झाली. दोन्ही मोहाच्या दिवसांत."

"योगायोग असेल."

"असू शकतो. निव्वळ योगायोगानेही असं साधारण आठ वेळांत एकदा होईल."

"मग तूच सांग, तुझ्या हाताखालच्या पोराने हे आणून दिलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"गाळलं असतं."

ग्रामपंचायतीच्या खोलीत पंखा फिरत होता.

"बावीस गावं आहेत, नूतन," सुरेंद्र म्हणाला. "तिथे आज भोंगा नाही. भोंगा माणसं वाचवतो हे खरं की खोटं?"

"खरं."

"दोन पानं समितीच्या हातात आहेत. आता त्यात एक शब्द बदललास तर तो नवा प्रस्ताव होतो. नवा प्रस्ताव पुढच्या बैठकीला जातो. तीन महिने. तुला नियम माहीत आहे. आपणच लोकांना शिकवतो तो."

"बदल नको. नुसती अट घालू दे त्यांना. भोंगा लावा, पण उभी काढू नका. भोंगा गप्प म्हणजे वाघ गेला असं कोणी धरू नये, हे गावाला सांगा."

"अट म्हणजेच बदल." त्याने उसासा टाकला. "तुला तीन मिनिटं आहेत बोलायला. काय बोलायचं ते तू ठरव. पण मी थांबवलं असं पुढे म्हणू नकोस, आणि मी बोलायला लावलं असंही म्हणू नकोस."

साडेतीन तास होते. नूतनने ते दोन्ही बाजूंनी मोजण्यात घालवले. न बोलले, तर चारशे गावांत भोंगा बसेल, आणि त्यांतल्या किती गावांत कोणीतरी उभं राहायचं सोडून देईल, हे कोणालाच माहीत नाही. बोलले आणि लांबणीवर पडलं, तर बावीस गावं तीन महिने उघडी. दुसऱ्या पारड्याला निदान आकडा होता. अकरा मृत्यू, अठरा गावं, दोन वर्षं. त्याच हिशेबाने बावीस गावं, तीन महिने. भोंग्याने त्यातले चौसष्ट टक्के टळतात. उत्तर आलं एक पूर्णांक शून्य सात. एक माणूस, आणि वर थोडं. त्या माणसाला नाव नव्हतं, आणि पुढे ते मिळालं तरी हा तोच, असं सिद्ध करता येणार नव्हतं. पहिल्या पारड्यात काहीच लिहिता येत नव्हतं. तिला सकाळपेक्षा आता जास्त भीती वाटत होती. सकाळी निदान वानर कुठे पाहतंय ते दिसत होतं.

दीड वाजता पडद्यावर सात चेहरे आले. भोंग्याच्या कॅमेऱ्यांसाठी ग्रामपंचायतीत जी जोडणी बसवली होती, तिच्यावरूनच ते आले, अगदी स्वच्छ. इंग्रिड, प्रस्ताव मांडणारी अधिकारी, तिच्याकडे पाहून हसली. "फोटो अजून मिळाला नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "पण त्याने काही अडत नाही. बोला."

"मी पाठवलेल्या दोन पानांतून मी दोन गोष्टी काढल्या होत्या," नूतन म्हणाली. "त्या काढायला नको होत्या."

तिने त्या सांगितल्या. फुलांविषयी ती बोलली नाही. ते आपल्यापुरतं होतं. एकसष्टावं पान सांगितलं, सत्त्याऐंशीवं सांगितलं, चारपैकी दोन सांगितले आणि निव्वळ योगायोगानेही आठांत एकदा असं होतं, हेही सांगितलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

पांढऱ्या दाढीचा एक सदस्य पुढे झुकला. "किती गावं म्हणालात?"

"तीन."

"अठरांपैकी. उरलेल्या पंधरांत हे घडलं नाही?"

"तिथे विचारलंच गेलं नाही."

"मग तीन हा आकडाच नव्हे."

"नाही," नूतन म्हणाली. "तो आकडा नाही. पण आपण शोधलाच नाही, म्हणून तो नाही."

इंग्रिड आता हसत नव्हती. तिने खाली कागदात पाहिलं. "तुम्ही स्वतःचाच सारांश मागे घेताय का?"

"नाही. भोंग्यांना मंजुरी द्या. एक अट घालून द्या. गावात जे कोणी राखण करतं ते बंद होऊ देऊ नका."

"अट तपासावी लागेल. ती कशी पाळली जाईल, कोण पाहील, हे लिहून यावं लागेल. ते या दोन पानांत नाही." ती इतर सहा चेहऱ्यांकडे वळली. कोणी मान हलवली, कोणी घड्याळाकडे पाहिलं. "पुढच्या बैठकीला घेऊ. जुलैमध्ये. आधीच सांगितलंत हे बरं केलंत, आभारी आहोत."

पडदा काळा झाला. तीन महिने. ज्याची तिला भीती होती ते तिनेच मागून घेतल्यासारखं झालं होतं, आणि त्यात तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं.

*

बायनाबाईच्या अंगणात चटयांवर कालची फुलं सुकत होती. ती उन्हात बसून काडीकचरा निवडत होती. हात सकाळसारखेच चालत होते. फक्त दर थोड्या वेळाने ती मागे वळून पाहत होती, आपल्याच घराच्या भिंतीकडे.

"काय झालं तुमच्या मीटिंगचं, बाई? लावनार काय भोंगे?"

"तीन महिन्यांनी ठरवतील. मी त्यांना उभीचं सांगितलं."

"रुखमाचं सांगतलं? फॉरेनच्या लोकाईले?" बायनाबाईला त्या स्थितीतही हसू आलं. मग तिने निवडणं थांबवलं. "मंग तिकडच्या बाया? ज्या गावात लावनार होते?"

"त्यांना तीन महिने भोंगा नाही."

"पन उभी तं असन नं त्याईच्याकडं?"

नूतनला माहीत नव्हतं. बावीस गावं निवडताना लोकसंख्या पाहिली होती, रानाचं अंतर पाहिलं होतं, फोनचं नेटवर्क पाहिलं होतं. हे कोणी पाहिलं नव्हतं, आणि दोन पानं तिने लिहिली होती.

"माह्या माहेराकडं नाई ठेवत," बायनाबाई म्हणाली. "आरमोरीच्या तिकडं. तिकडं एकएकटीच जाते."

नूतनने पिशवीतून यादी काढली. बावीस गावं, बावीस फोन नंबर. बायनाबाईने तिच्यासाठी एका चटईची कड रिकामी केली. पहिला फोन एका सरपंचबाईंनी उचलला. हो, त्यांच्याकडे एक म्हातारा उभा राहतो, थाळी वाजवतो, कशाला विचारता? नूतनने नावापुढे 'हो' लिहिलं. दुसऱ्या गावात प्रश्नच कळला नाही. तीनदा समजावल्यावर 'नाही'. तिसरा बंद. चौथा, पाचवा. ज्या गावांत 'नाही' आलं तिथे ती सांगत राहिली : उद्या एकीला उभी ठेवा, तुमच्यातली कोणीही चालेल, तिला सगळ्यांनी एकेक ओंजळ द्या. काहींनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, हा सरकारचा आदेश आहे का? नाही म्हटल्यावर त्याने फोन ठेवला.

अकराव्या गावचा फोन लगेच उचलला गेला. मागे बरेच आवाज होते.

"मी चंद्रपूरहून नूतन फुलझेले बोलतेय. मोहाच्या वेळी तुमच्या गावात—"

"मॅडम, आता नाई, मंग बोला," तिकडचा माणूस धापा टाकत म्हणाला. "पाहाटे मोहावर गेलेली एक बाई अजून घरी नाई आली. समदे तिकडंच चाल्लो आमी."

"किती जणी होत्या बरोबर? कोणी उभी होती का? हॅलो?"

फोन बंद झाला होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. यादीत अकराव्या नावापुढची जागा कोरी होती, आणि नूतनला तिथे काय लिहायचं ते माहीत नव्हतं. तिने पेन तिथून उचललं आणि बाराव्या गावाचा नंबर लावला.